मुक्यांच्या घरामागची वाट

आमच्या घरात गप्प बसणं हा एकमेव अक्षम्य अपराध होता. जालन्यात वडिलांचा छोटा छापखाना होता. लग्नपत्रिका ते पोटासाठी छापत आणि पत्रकं मनासाठी. सफाई कामगारांच्या पगाराचं पत्रक, ख्रिस्ती स्मशानभूमीच्या जागेचं पत्रक, नळाला येणाऱ्या गढूळ पाण्याचं पत्रक. शाळेतून आल्यावर मी आणि आई घड्या घालत बसायचो. वाचायला मी शिकले तीच मुळी 'जाहीर निषेध' या दोन शब्दांवर. पुढे मीही पत्रकं लिहू लागले, आणि आमच्या चर्चच्या मंडळीतले वडीलधारे मला पाहिलं की उपासना संपायच्या आत चपला शोधू लागले.

अशा मुलीने मौन साधनेला जावं, हे सांगितलं तेव्हा वडील हसले. म्हणाले, "जा, पण परत येताना जीभ घेऊन ये."

ज्यांना मौन म्हणजे पळपुटेपणा वाटतो, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मलाही तसंच वाटत होतं.

निमित्त सुशीलामावशीचं. मावशी म्हणजे आईची नर्सिंग कॉलेजमधली मैत्रीण. निवृत्त झाल्यापासून ती पालघर जिल्ह्यात, घिवलीच्या किनाऱ्याजवळ, एक लहानसं एकांताचं घर सांभाळते. ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या आधी आणि नंतर तिथे चार-सहा माणसं येतात, तीन दिवस बोलत नाहीत, प्रार्थना करतात आणि जातात. घराची माहिती देणारं, लोकांना मदतीचं आवाहन करणारं एक पत्रक तिला हवं होतं. मी फोनवरच लिहून देते म्हटलं. मावशी म्हणाली, "जो गप्प बसलेला नाही, त्याने गप्प बसण्यावर काय लिहायचं? ये आधी."

बोईसर

बोईसर स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं की पहिलं कानावर पडतं ते हिंदी. भोजपुरी वळणाची, खानदेशी वळणाची, नेपाळी वळणाची. शिफ्ट सुटलेली माणसं डबे हलवत चाललेली. हवेत एक गोडसर, घशाला चिकटणारा वास होता. तो कशाचा असं विचारलं तर रिक्षावाला म्हणाला, "कुठल्या तरी रंगाचा असंल. वारा फिरला की दुसरा येतो."

याचं नाव दिनेश. मूळचा भुसावळकडचा, राहायला सालवडला एका खोलीत, बायको-मुलांसह. आधी कापडाच्या कारखान्यात मागावर होता. मी सवयीप्रमाणे त्याची उलटतपासणी सुरू केली. पगार किती होता, युनियन होती का, कानाला लावायला काही देत होते का. तो दोन-तीन प्रश्नांना सरळ बोलला, मग आरशातून माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, तुम्ही पेपरवाल्या का?"

मी म्हटलं, नाही, मी मौन पाळायला चालले आहे.

तो इतका हसला की रिक्षा खड्ड्यात गेली. त्याच्या उजव्या कानात अजून माग चालतो, असं तो म्हणाला. झोपताना, जेवताना, कायम. "तुमच्यासारख्यांना बरंय. आवाज नको झाला की गाडी पकडून समुद्रावर. आम्ही कान कुठं काढून ठेवायचा?"

मी लिहून घ्यायला काढलेली वही परत पिशवीत ठेवली. पत्रक लिहिणाऱ्या माणसाला असं होणं बरं नव्हे. तारापूरच्या पुढे झाडी दाट झाली, चिकूच्या वाड्या लागल्या, आणि दूर वीज केंद्राच्या इमारती दिसायला लागल्या. सुरूच्या झाडांशी रिक्षा थांबवून दिनेश म्हणाला, "हे तुमचं मुक्याचं घर. गाववाले हेच म्हणतात."

घर

घर म्हणजे कौलारू बैठी इमारत, पाच खोल्या, मागच्या बाजूला पडवी, पडवीपुढे सुरूची बाग आणि बागेपलीकडे वाळू. पडवीत बसलं की डाव्या हाताला वीज केंद्र दिसतं आणि समोर समुद्र. आमच्याकडे क्षितिज म्हणजे कापसाची शेतं आणि त्यावर लटकलेली धूळ. इथे क्षितिज ओलं होतं, आणि मला ते बघताना उगाच तहान लागत होती.

मौन संध्याकाळच्या प्रार्थनेपासून सुरू व्हायचं होतं. त्याआधी मावशीने चहा करून नियम सांगितले. बोलायचं नाही, फोन तिच्याकडे जमा. एकमेकांना चिठ्ठ्या लिहायच्या नाहीत. आणि शेवटचा नियम, जो मला अन्यायाचा वाटला: "मनातल्या मनातही कुणाशी भांडायचं नाही. भांडताना स्वतःला पकडलंस की हसायचं आणि सोडून द्यायचं."

तीन दिवस झाले की शेवटच्या जेवणाला मौन सुटतं. तेव्हाही या घराची एक रीत आहे. प्रत्येकाने फक्त एक वाक्य बोलायचं. एकच. मग बाकीचं बोलणं दुसऱ्या दिवशी सकाळी.

पत्रकात काय हवं, तेही तिने तेव्हाच सांगितलं. घरामागून, सुरूच्या बागेतून, एक पायवाट जाते. गावातल्या मांगेला मच्छीमार बायका रोज सकाळी त्या वाटेने बोंबील सुकवायला वाळूवर जातात आणि दुपारी परततात. मोठ्याने बोलतात, हसतात, भांडतात. साधनेला आलेल्यांची तक्रार असते. म्हणून विश्वस्तांनी कुंपणाची भिंत घालायचं ठरवलं आहे. पालघरचे भास्करकाका, निवृत्त मुख्याध्यापक, ती भिंत आपल्या दिवंगत पत्नीच्या, एस्तेरबाईंच्या नावाने बांधून देणार. पण घराच्या बाकी डागडुजीसाठी मदत हवी, म्हणून पत्रक.

मी मान डोलावली. खरं सांगायचं तर भिंतीचं मी नीट ऐकलंसुद्धा नाही. माझं लक्ष एका वाक्याच्या नियमाकडे होतं, आणि आपण केवढं लांब वाक्य करू शकतो याचा मी विचार करत होते.

भास्करकाकाही आमच्यात साधनेला होते. उंच, ताठ, पांढरा सदरा, हातात जाड काठी. आणखी दोघं होती, पालघरचं एक मध्यमवयीन जोडपं, जे लग्नानंतर पहिल्यांदाच इतका वेळ भांडल्याशिवाय राहणार होतं, असं नवऱ्यानेच मौनाआधी सांगून टाकलं. काका हसले नाहीत.

पहिला दिवस

मौनाचा पहिला दिवस म्हणजे डोक्यातला छापखाना चोवीस तास चालू. पहाटे मी समुद्राकडे तोंड करून प्रार्थनेला बसले. मावशीने आम्हा सगळ्यांना शुभवर्तमानातला एकच छोटा प्रसंग दिला होता. येशू पहाटे अंधारात उठून एकटाच निर्जन जागी जातो, प्रार्थना करतो, आणि शिष्य त्याला शोधत येतात की सगळे लोक तुझी वाट पाहताहेत. बस, एवढंच तीन दिवस चघळायचं.

मी चघळायला सुरुवात केली आणि लक्षात आलं, मी देवाला निवेदन देते आहे. महोदय, खालील मुद्द्यांकडे आपले लक्ष वेधू इच्छिते. मुद्दा एक, स्मशानभूमीची जागा. मुद्दा दोन, दिनेशचा कान. मी इतकी वर्षं प्रार्थना म्हणून जे करत होते, ते सगळं निवेदनच होतं, आणि खाली सहीसुद्धा माझीच होती. स्वतःला पकडलं, हसले, सोडून दिलं. दोन मिनिटांत पुन्हा मुद्दा तीन.

तेवढ्यात मागून बायका आल्या. आधी हसणं आलं, मग माणसं. डोक्यावर पाट्या, पाट्यांत ओले बोंबील, लुगडी गुडघ्यापर्यंत खोचलेली. एकीची सून काल माहेरी गेली होती, त्यावर बाकीच्या साऱ्या तुटून पडल्या होत्या. भास्करकाकांनी पडवीत डोळे मिटल्या मिटल्याच कपाळाला आठ्या घातल्या.

दुपारच्या जेवणाला तांदळाची भाकरी आणि बोय माशाचं कालवण होतं. आमच्याकडे ज्वारीची भाकरी दातांना काम देते. ही तांदळाची भाकरी नुसती जिभेवर बसते. मासे खायची मला सवय नाही, आणि तिसऱ्याच घासाला काटा घशात अडकला. ओरडायची सोय नव्हती. मी ताटावर हात आपटला, घसा दाखवला, डोळे मोठे केले. त्या जोडप्यातल्या बाईंना वाटलं मी पाणी मागते आहे. काकांनी मात्र उठून न बोलता कोरड्या भाताचा गोळा करून माझ्या हातात दिला आणि गिळून दाखवायची खूण केली. काटा गेला. बाई हसल्या, त्यांचा नवरा हसला, मावशीने पदर तोंडाला लावला, आणि काकांच्या मिशीखालीही काहीतरी हललं. शब्दांशिवाय पाच माणसं एकत्र हसतात तेव्हा जी जवळीक होते, ती आमच्या मंडळीच्या कित्येक बैठकांत मी पाहिलेली नाही.

काशीबाय

दुपारी मी बागेत एका सुरूच्या बुंध्याशी बसले होते. बायका परतत होत्या. त्यांतली एक मागे राहिली, पाटी खाली ठेवून माझ्यासमोर बसली आणि गुडघा चोळू लागली. पन्नाशीची, काळीसावळी, नाकात मोठी नथनी.

"काय केलंस गो पोरी?" तिने विचारलं.

मी ओठांवर बोट ठेवलं.

"ते ठावं हाय. बोलाचा नाय. पन केलंस काय? पादऱ्याला शिव्या दिल्यास?"

गावात असाच समज आहे, हे मला मग कळलं. इथे आलेल्यांना काहीतरी गुन्ह्यासाठी गप्प बसवतात. कुणी खोटं बोललेलं, कुणी चहाड्या केलेल्या. शिक्षा झालेल्या माणसाबद्दल दया बाळगावी तशी गावातल्या बायका आमच्याकडे बघत. तिने कमरेच्या पिशवीतून दोन चिकू काढून माझ्या मांडीवर टाकले.

"खा. मी सांगाची नाय कोनाला. माजा नवरा असता तर त्यालाच इथं आनून टाकला असता. लई बोलायचा. आता गेला तर घरात आवाज नाय, तं तेपन खातं."

ही काशीबाय. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला हाताला धरून वाळूवर घेऊन गेली. बांबूचे उंच मांडव, त्यांवर दोर, आणि दोरांवर हजारो बोंबील. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरावर टाकायची. दात आत वळलेले असतात, त्यामुळे ती सुटत नाही. मी करायला गेले तर बोंबील माझ्या हातातून निसटून वाळूत. पुन्हा निसटला. तिसरा माझ्या बोटालाच लटकला. काशीबाय पोट धरून हसली आणि बाकीच्यांना हाका मारून सांगितलं की मुकी बाय बोंबलाशी लगीन लावते.

ती बोलत राहिली आणि मी जोड्या टाकत राहिले. माणूस उत्तर देत नाही म्हटल्यावर समोरचा किती बोलतो, हे ज्याने मौन पाळलं त्यालाच कळतं. तिच्या सगळ्या बोलण्याचं एक सूत्र होतं: गुडघा. दोन वर्षं झाली दुखतो. मांडव तिच्या सासूचा, सासूने मरताना तिच्या हातात दिला. धाकट्या जावेचा त्यावर डोळा. काशीबायला चालता येईनासं झालं की मांडव जावेकडे जाणार, हे घरात सगळ्यांना न बोलता माहीत आहे.

"ही बागंतली वाट हाय तवर मी येनार. त्या खाडीच्या बाजूनं फिरून नाय जमाचा गो. भरतीला गुडघाभर चिखल. डोक्यावर पाटी. नाय जमाचा."

बोंबील माझ्या हातात तसाच राहिला.

भिंत. एस्तेरबाईंच्या नावाची भिंत. जी मी नीट ऐकलीसुद्धा नव्हती, आणि जी बांधणाऱ्या घराच्या पत्रकासाठी मी इतक्या लांब आले होते.

ब्लॉक

त्या दिवशी मी प्रार्थनेला बसले तेव्हा निवेदन नव्हतं, आग होती. हेच, हेच ते. ख्रिस्ती शांतता, आणि तिच्यासाठी दुसऱ्याचा रस्ता बंद. शीर्षक तयार होतं. उपशीर्षक तयार होतं. मनात मी विश्वस्तांना एकेक करून उभं केलं आणि एकेकाला झोडलं. भांडताना स्वतःला पकडलं, पण हसता आलं नाही.

आणि तरी मी गप्प होते. नियम होता म्हणून गप्प होते, हे खरं. पण आणखी एक गोष्ट होती. इतकी वर्षं मी पत्रकं लिहिली ती बहुतेक ऐकीव माहितीवर. कुणीतरी येऊन सांगायचं आणि मी पेटायचे. कुणाच्या शेजारी सकाळभर बसून त्याचंच काम करत त्याचं ऐकणं, मधे एकही प्रश्न न घालणं, हे मी आयुष्यात पहिल्यांदा केलं होतं. दिनेशला मी तीन मिनिटांत दहा प्रश्न विचारले होते आणि तो दोन-तीन उत्तरांवर थांबला होता. काशीबायला एकही विचारला नव्हता.

दुपारी टेम्पो आला. सिमेंटचे ब्लॉक वाटेच्या कडेने उतरवून, खांद्याएवढा ढीग रचून गेला. थोड्या वेळाने बायका परतल्या. काशीबाय नेहमीसारखी मागे, लंगडत. तिने ढिगाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हे कशाला गो?"

मी तिच्याकडे पाहत राहिले. ती उत्तराची वाट पाहत नव्हतीच. मुक्या बाईला विचारलेला प्रश्न होता तो. पाटी सावरून ती निघाली होती.

"भिंत," मी म्हटलं. दोन दिवसांनी माझा आवाज मलाच घोगरा आणि अनोळखी वाटला. "वाट बंद होणार आहे."

ती थांबली. "बोलतंस?"

मी मान हलवली.

"कशापायी बंद?"

"आवाज होतो म्हणून. प्रार्थनेला."

काशीबायने पुन्हा ढिगाकडे पाहिलं. मला वाटलं आता शिव्या येतील, आणि मला त्या हव्या होत्या. त्या मी जशाच्या तशा छापल्या असत्या. ती एवढंच म्हणाली, "मंग सांगाचा ना," आणि गेली.

तिसरी सकाळ

तिसऱ्या दिवशी पहाटे आम्ही सगळे पडवीत बसलो होतो. समुद्राचा आवाज, सुरूंचा आवाज. उजाडलं. मी कान देऊन होते. हसणं ऐकू आलं नाही. वाटलं, आल्याच नाहीत. खाडीकडून गेल्या.

मग मी डोळे उघडले.

त्या आल्या होत्या. एका रांगेत, पाट्या डोक्यावर, चपला हातात. बांगड्या वाजू नयेत म्हणून एकीने त्या कोपरापर्यंत चढवून बसवल्या होत्या. एकीला शिंक आली तर तिने नाक दाबून ती गिळली आणि पाटी डळमळली. शेजारणीने हात लावून सावरली. कुणी आमच्याकडे पाहिलं नाही. सगळ्यांत शेवटी काशीबाय, पदर तोंडात धरून. गुडघ्यावर भार पडला की तिच्या तोंडून जो 'आई गं' रोज निघायचा, तोही तिने पदरात दाबला होता.

त्यांना वाटलं होतं, एवढंच तर हवंय यांना. गप्प राहिलो की भिंत लागणार नाही.

त्यात निषेध नव्हता. निषेध मला ओळखता येतो, मी त्यावर वाढले. हा शेजारधर्म होता, आणि म्हणून तो बघवत नव्हता. मौन मी निवडलं होतं, माझ्यासाठी ते दार होतं. यांनी ते डोक्यावरच्या पाटीसारखं उचललं होतं, वाट शाबूत राहावी म्हणून. एकाच वाटेवर दोन मौनं एकमेकांशेजारून गेली आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता.

मी वळून पाहिलं. भास्करकाकांचे डोळे उघडे होते. काठीवर दोन्ही हात ठेवून ते त्या रांगेकडे बघत होते, आणि ती सुरूंच्या आड गेल्यावरही बघत राहिले.

त्या दिवशी घरात जी शांतता होती, तशी शांतता देण्यासाठीच भिंत बांधायची होती. कुणालाच ती सोसवेना. मावशीच्या हातून दोनदा भांडं पडलं. जोडप्यातल्या बाई बागेत येरझारा घालत होत्या. मी वाळूवर जाऊन एकटी बसले, आणि पुन्हा तोच प्रसंग समोर घेतला. तो एकटा प्रार्थनेला बसला आहे, शिष्य शोधत आले आहेत. या वेळी मी पुढे वाचलं. तो त्यांना परत पाठवत नाही. उठतो आणि आसपासच्या गावांकडे चालू लागतो.

तिथे मी पहिल्यांदा काहीही मागितलं नाही, काहीही कळवलं नाही. नुसती बसले. किती वेळ, ते ठाऊक नाही. ओहोटी लागली होती. माझ्या मनातलं कोर्ट बंद झालं होतं, आणि राग मात्र गेला नव्हता. तो तिथेच होता, पण आता त्याला ओरडायची घाई नव्हती. हे आधी ठाऊक असतं तर माझी निम्मी पत्रकं बरी झाली असती.

एक वाक्य

संध्याकाळी ताटं मांडली. वालाचं बिरडं, भात, भाजलेल्या सुक्या बोंबलाची चटणी. माझं वाक्य तयार होतं. दुपारच्या आधी घडवलेलं, दोन अर्धविराम असलेलं, ज्यात भिंत, ढोंग आणि येशू हे तिन्ही शब्द होते. ज्याला लागायचं त्याला नेमकं लागलं असतं.

मावशीने प्रार्थना केली आणि म्हणाली, "मौन सुटलं. एकेक वाक्य."

जोडप्यातला नवरा म्हणाला, मी तीन दिवसांत बायकोचा चेहरा पाहिला. बायको म्हणाली, आता तो बोलायला लागला की मी पुन्हा इथेच येणार. आम्ही हसलो. मग भास्करकाकांची पाळी. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, आणि चष्म्याकडेच बघत बोलले.

"एस्तेर असती, तर आज सकाळी तिने त्या बायकांना चहाला बोलावलं असतं."

 त्यावर कुणाला बोलता येतच नव्हतं, एकेक वाक्याची रीत होती. मला पहिल्यांदाच त्या रीतीचा उपयोग कळला. आमच्या बैठकीत असं कुणी म्हटलं असतं, तर पुढच्या मिनिटाला दहा जणांनी त्यावर बोलून ते वाक्य मारून टाकलं असतं.

माझी पाळी आली. माझं धारदार वाक्य आता कुणाला मारायचं होतं? ते सोडलं आणि दुसरं धरलं. "भिंतीचं काशीबायला मौन मोडून मी सांगितलं, ती चालू शकते ती या वाटेमुळेच, आणि उद्या सकाळी आपण सगळ्यांनी उठून त्यांच्याबरोबर वाळूपर्यंत चालावं, बोलत."

"हे वाक्य आहे की पत्रक?" मावशी म्हणाली, आणि तेच तिचं त्या संध्याकाळचं वाक्य झालं.

वाट

सकाळी काका सगळ्यांच्या आधी उठले होते. चुलीवर मोठं पातेलं, शेजारी स्टीलचे पेले. बायका आल्या, तशाच, चपला हातात घेऊन, मुक्या. काका पुढे गेले. मुख्याध्यापकाला माणसं समोर रांगेत उभी राहिलेली आवडतात, पण त्या दिवशी त्यांना काय करावं कळेना. पेला हातात धरून ते नुसते उभे राहिले.

काशीबायने माझ्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, आणि कुजबुजत विचारलं, "आता बोललो तं चालंल ना?"

"बोला," काका म्हणाले. मग जरा मोठ्याने, "बोला, बोला. बोललंच पाहिजे."

पाटी उतरवायला तिला जागा हवी होती. खाली वाकणं म्हणजे गुडघा. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि पाटी सरळ ब्लॉकच्या ढिगावर टेकवली. ढीग नेमका तिच्या खांद्याइतका होता.

"हा बरा हाय," ती म्हणाली, चहा घेत. "टेकवाला बरा हाय. वाकावा नाय लागत."

मग दुसरीने टेकवली, तिसरीने टेकवली. सगळ्या एकदम बोलू लागल्या. सून अजून माहेरीच होती. काका ढिगाजवळ गेले, पाट्यांकडे पाहिलं, वरच्या ब्लॉकवर तळहात ठेवला. "किती उंच हवा?" त्यांनी काशीबायला विचारलं. ती म्हणाली, एवढाच, आन् पुढं त्या वळनाला अजून एक, तिथं लई दम लागतो.

विश्वस्तांची बैठक व्हायची होती. एका माणसाचं मन बदललं की ठराव बदलतो असं नाही, हे मला वडिलांनी शिकवलं आहे. पण आम्ही वाळूपर्यंत चाललो. काकांनी बोंबलाची जोडी लावून पाहिली. त्यांची पहिल्याच फटक्यात बसली, आणि काशीबायने मला टोमणा मारला की बघ, शिकलेला मानूस असा असतो.

परतताना दिनेशच आला. या वेळी मी प्रश्न विचारले नाहीत. घिवलीपासून बोईसरपर्यंत तो एकटाच बोलला: कानाबद्दल, भुसावळच्या आईबद्दल, मुलीला चित्रं काढायला आवडतात त्याबद्दल. स्टेशनला उतरताना मी त्याला मावशीचा नंबर दिला. सुट्टीच्या दिवशी दुपारभर येऊन बस, म्हटलं. तो म्हणाला, "कान तर तिथंही वाजणार." मग म्हणाला, "बघू. तिथं निदान समुद्र वाजत असंल त्याच्यावर."

घरी वडिलांनी दारातच विचारलं, जीभ आणलीस का. मी आणली होती.

महिन्याभराने मावशीचा फोन आला. बैठकीत वाद झाला, दोघे विश्वस्त अजून रुसलेले आहेत, पण भिंतीचा ठराव मागे घेतला. त्या ब्लॉकचे दोन कट्टे झाले, एक घरामागे आणि एक वळणावर, दोन्ही काशीबायच्या खांद्याएवढे. एस्तेरबाईंचं नाव कोरलेली फरशी घरामागच्या कट्ट्यावर बसवली आहे. त्यावर रोज पाट्या टेकतात, त्यामुळे नावाला बोंबलाचा वास लागलाय, आणि काका तो पुसू देत नाहीत. दिनेश एका दुपारी आला होता.  सुरूखाली झोपला.

पत्रक मी लिहिलं. आजवरचं सगळ्यांत लहान. वडिलांनी अक्षरांचे खिळे जुळवताना दोनदा विचारलं, एवढंच? एवढंच. घराचा पत्ता, आणि त्याखाली:

या घराला भिंत नाही. सकाळी मागच्या वाटेने बायका बोलत जातात. त्या जाईपर्यंत आपण गप्प राहून ऐकावे. प्रार्थना तिथूनच सुरू होते.